फायरबॉल दिवसातून किती वेळा? टेबलटॉप खेळातली जादू नव्याने बांधताना

आमच्या टेबलावरची जादू मी पहिल्यांदा 'सुधारली', तेव्हा कॅम्पेनचं, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या आमच्या सलग कथेचं, वाटोळं व्हायला एक संध्याकाळ पुरली. डन्जन्स अँड ड्रॅगन्स ह्या पात्रं वठवून, फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती खेळत होतो. जादूगार खेळणाऱ्या मित्राला स्लॉटची, म्हणजे मंत्रांच्या प्रत्येक लेव्हलला (ताकदीच्या पायरीला) दिवसाला ठरावीकच खण देणारी, पद्धत खुपत होती. "पहिल्या लेव्हलचे चार, दुसरीचे तीन, तिसरीचे दोन. हे जादूगाराचं डोकं आहे की गोळ्यांची डबी?" मला पटलं. स्लॉटऐवजी पॉइंट वापरायचा पर्यायी नियम २०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्याच्या नियमपुस्तकात) दिलेलाच आहे, तो उचलला. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला २७ पॉइंट मिळतात आणि तिसऱ्या लेव्हलच्या मंत्राला ५ लागतात (पात्राची लेव्हल वेगळी, मंत्राची वेगळी). पुढचा भागाकार मित्राने माझ्याआधी केला. त्या रात्री फायरबॉल, म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा आगीच्या गोळ्याचा मंत्र, पाचदा फुटला. चौथ्याच्या सुमाराला योद्धा खेळणारा गडी फासे एकावर एक रचून मनोरा करत बसला होता.

गंमत अशी की एकूण बेरीज बदललेली नव्हती. पहिल्या लेव्हलच्या मंत्राला २ पॉइंट, दुसरीला ३, तिसरीला ५. चार, तीन आणि दोन स्लॉटांचे मिळून ८, ९ आणि १०, म्हणजे २७च. फक्त स्लॉट असताना दिवसाला दोनच फायरबॉल शक्य होते, आता पाच. बारीकसारीक कामांसाठी राखलेली चिल्लर मी नकळत मोठ्या नोटेत बदलून दिली होती.

त्यानंतर दोनदा सगळं पाडून पुन्हा बांधलं. त्यातून जो क्रम हाती लागला तो इथे देतोय. उदाहरणं बरीचशी पाचव्या आवृत्तीतली आहेत, कारण ती अनेकांच्या ओळखीची आहे. तुम्ही दुसरं काही खेळत असाल किंवा कोऱ्या कागदावर स्वतःचा खेळ लिहीत असाल, तरी क्रम हाच चालेल. आधी किंमत ठरवायची, मग मर्यादा, मग आकडे, आणि मंत्रांची यादी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटे जातात, कारण मंत्र लिहिण्यात मजा येते. मीही उलटाच गेलो होतो.

दुखणं एका वाक्यात लिहा

"आमच्याकडची जादू बोअर आहे" एवढ्यावर काहीच करता येत नाही. तीन सेशन (खेळाच्या बैठका) काहीही न बदलता खेळा आणि शेजारी वही ठेवा. कुणी कुठला मंत्र टाकला, त्याची पाळी किती मिनिटं चालली, पुस्तक कितीदा उघडावं लागलं, कुठल्या मंत्रांना कुणी हातही लावला नाही, एवढंच टिपा. तिसऱ्या सेशननंतर ती पानं वाचली की तक्रार आपोआप एका वाक्यात येते.

माझ्या अनुभवात ते वाक्य साधारण तीन जातींचं असतं. जादूगार बाकीच्यांना झाकोळून टाकतो, ही पहिली. जादूगाराची पाळी संपता संपत नाही, ही दुसरी. हिच्यासाठी नियम बदलायची गरज सहसा पडत नाही, मंत्र छोट्या कार्डांवर लिहून हातात दिले की अर्धं काम होतं. तिसरी सगळ्यात अवघड: जादू जादूसारखी वाटतच नाही, बटण दाबावं आणि दिवा लागावा तशी वाटते. ह्या तिन्हींची औषधं एकमेकांच्या विरोधात जातात. जादू गूढ करायला गेलात की पाळी लांबते, पाळी आटोपशीर केलीत की गूढपणा जातो. त्यामुळे एकच निवडा.

पहिल्या जातीची तक्रार असेल तर नियमाला हात लावायच्या आधी विश्रांती मोजा. २०१४च्या नियमांचा हिशेब असा आहे की दोन लाँग रेस्टच्या, म्हणजे खर्चलेली जादू भरून देणाऱ्या लांब विश्रांतींच्या, मध्ये पात्रांना मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी झेपाव्यात. प्रत्यक्षात किती टेबलांवर दिवसाला सहा लढाया होतात? आमच्याकडे एक व्हायची, फार तर दोन. मग जादूगार आठ लढायांचा दारूगोळा एकाच लढाईत ओतणार, त्यात त्याची काय चूक? ह्यावर एक स्वस्त उपाय त्याच गाइडमध्ये आहे: शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करायची. प्रवासाच्या, राजकारणाच्या, संथ कथानकाच्या कॅम्पेनला हा बदल चपखल बसतो. तेवढ्याने भागलं, तर हा लेख इथेच मिटून खेळायला बसा.

आहे ती भिंत कशाला आधार देते ते बघा

स्लॉटची पद्धत कुठून आली हे माहीत असलेलं बरं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्यांचा मूळ खेळ आला, त्यातल्या जादूवर जॅक व्हान्स ह्या लेखकाच्या १९५०च्या 'द डाइंग अर्थ' पुस्तकाची छाप होती. त्या कल्पनेत मंत्र हा डोक्यात कोंबून ठेवायचा जिवंत ऐवज असतो. उच्चारला की स्मरणातून पुसला जातो. म्हणजे 'स्लॉट' हा हिशेबाचा शब्द होण्याआधी ती कथेतली गोष्ट होती. पुढच्या आवृत्त्यांनी सोयीसाठी कडा घासत नेल्या. पाचव्या आवृत्तीत सकाळी मंत्रांची यादी तयार ठेवायची आणि दिवसभर त्यातल्या कुठल्याही मंत्राला त्याच्या लेव्हलचा किंवा वरचा कुठलाही स्लॉट वापरायचा. विसरण्याची गोष्ट गेली, खण तेवढे उरले. म्हणूनच माझ्या मित्राला ती गोळ्यांची डबी वाटत होती.

पण ती डबी काम करते. खालच्या लेव्हलचे स्लॉट वरच्या लेव्हलच्या मंत्राला चालत नाहीत, त्यामुळे ते किरकोळ, चतुर, मजेशीर जादूसाठी आपोआप शिल्लक राहतात. दुसरा आधार कन्सन्ट्रेशनचा, म्हणजे मंत्र चालू ठेवायला लागणाऱ्या एकाग्रतेचा. एका वेळी असा एकच मंत्र धरून ठेवता येतो, आणि मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (शरीराच्या चिवटपणावर बचावाचा फासा) टाकावा लागतो, १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, जे जास्त असेल त्याविरुद्ध. जादूवरची ही एक ओळ काढून बघा. उडणारा, अदृश्य आणि सगळ्या शत्रूंना एकाच वेळी खिळवून ठेवणारा जादूगार समोर उभा राहतो. नव्या व्यवस्थेत कन्सन्ट्रेशन ठेवणार नसाल, तर ते काम दुसरं कोण करणार ह्याचं उत्तर कागदावर हवं.

किंमत

खरं काम इथे आहे, आणि वेळही इथेच घालवा. मंत्र टाकताना खेळाडू काय मोजतो, कशाला कचरतो, ह्यावर जादूची चव ठरते. किंमत बदलली की तेच मंत्र वेगळे वाटायला लागतात.

साठ्यातून खर्च ही सगळ्यात ओळखीची किंमत. स्लॉट, मॅना, पॉइंट, नाव काहीही असो. ह्यात खेळाडू डोक्यात वजाबाकी करतो. पॉइंट लवचीक असतात, पण लवचीकपणा नेहमी सगळ्यात फायद्याच्या एका मंत्राकडे घरंगळतो. गाइडमधल्या पर्यायातही सहाव्या लेव्हलपासून पुढचे मंत्र प्रत्येक लेव्हलला एकदाच टाकता येतात ते ह्याचसाठी. खालच्या लेव्हलला मात्र तसा बांध नाही. मी शेवटी घातलेला बांध असा: तोच मंत्र त्याच दिवशी पुन्हा टाकला, तर दर वेळी २ पॉइंट जास्त. पहिला फायरबॉल ५, दुसरा ७, तिसरा ९. झाले २१. चौथ्याला ११ हवेत आणि हातात उरलेत ६. मग त्या सहात पहिल्या लेव्हलचे तीन वेगवेगळे मंत्र बसतात, आणि खेळाडू यादीतले दुर्लक्षित मंत्र वाचायला लागतो. एका ओळीचा नियम आहे. लक्षात ठेवायला सोपा, आणि जगात त्याचं कारणही देता येतं: एकच सूर सारखा छेडला की तार सैल पडते.

शरीरातून खर्च ही दुसरी तऱ्हा. १९८९च्या शॅडोरन ह्या खेळात मंत्राचा ताण जादूगाराच्या अंगावर येतो आणि तो पेलता आला नाही तर इजा होते. ह्यात खेळाडू वजाबाकी करत नाही, जुगार खेळतो. दोन धोके सांभाळा. जादूगाराचे हिट पॉइंट (जिवाचे गुण) हीच किंमत ठेवलीत, तर उपचार करणारं पात्र म्हणजे चार्जर होऊन बसतं. आणि लढाईबाहेर, कुणी मागे लागलेलं नसताना, ही किंमत शून्य होते, कारण झोपलं की भरून येतं. म्हणून शरीराची किंमत लावायची तर ती सावकाश भरून येणारी असावी: एखाद्या गुणाचा अंक आठवडाभर खाली, डावा हात संध्याकाळपर्यंत बधिर, असं काही.

मग फासे. जादू जमेल की नाही हे फासा ठरवतो. डन्जन क्रॉल क्लासिक्स ह्या खेळात मंत्र टाकताना विसाचा फासा टाकतात आणि प्रत्येक मंत्राचा स्वतःचा निकालतक्ता असतो. त्यात मंत्र फसू शकतो, भलताच जोरात लागू शकतो, आणि एक पडला तर अंगाशीही येऊ शकतो. जादू जादूसारखी वाटत नाही ही तक्रार असेल तर ह्या वाटेचा विचार करा. पण आधी हिशेब करा. यश ७० टक्के ठेवलं तर ऐकायला भरपूर वाटतं. एका संध्याकाळी चार मंत्र टाकले तर निदान एक फसण्याची शक्यता ७६ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ दर सेशनला. फसणं म्हणजे 'काही झालं नाही, पुढचा' असं असेल, तर तुम्ही त्या खेळाडूची पाळी चोरलीत.

त्यापेक्षा तीन पायऱ्यांचा निकाल बरा. दोन षट्कोनी (सहा बाजूंचे) फासे टाकायचे आणि कौशल्याचे २ मिळवायचे. बेरीज १० किंवा वर गेली तर मंत्र हवा तसा लागतो, ७ ते ९ आली तर लागतो पण काहीतरी द्यावं लागतं, ६ किंवा खाली आली तर जादू स्वतःच्या मनाने वागते. ३६ शक्यतांपैकी १५, १५ आणि ६ अशी वाटणी होते: साधारण ४२, ४२ आणि १७ टक्के. मधल्या ४२ टक्क्यांत खेळाची सगळी गंमत आहे. दार उघडतं, पण पलीकडच्या प्रत्येक दाराची कडीही निघते. जखम भरते, पण व्रण जादूगाराच्या अंगावर उमटतो. अशा पंधरावीस फटक्यांची यादी जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधी लिहून ठेवावी. ऐन वेळी सुचत नाही. सुचतं ते नेहमी 'मोठा आवाज होतो' एवढंच.

वेळ, सामान आणि बोभाटा ह्या तीन किमती स्वतंत्रपणे क्वचित पुरतात, पण फोडणीला उत्तम. त्यातली बोभाट्याची किंमत मला सगळ्यात आवडते. पाचव्या आवृत्तीतला 'नॉक' मंत्र कुलूप उघडतो, पण त्याचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. ह्या एका वाक्यामुळे चोराचं काम शाबूत राहतं. कुलूप गुपचूप उघडायचं तर चोर, घाईत उघडायचं तर जादूगार. मंत्राची ताकद तसूभर कमी न करता दोन खेळाडूंच्या मध्ये आडवी भिंत घातली. नवा मंत्र लिहिताना आधी असलं काहीतरी शोधा, मग पॉइंट वाढवा.

मुख्य किंमत एक आणि तोंडी लावायला एक, ह्याहून जास्त नको. पॉइंट, शिवाय फासा, शिवाय सामान, शिवाय वेडाचा धोका, असं चारपदरी प्रकरण मी एकदा केलं होतं. कागदावर देखणं दिसायचं. टेबलावर कुणी मंत्र टाकेना.

जादूला काय जमत नाही

आता एका कोऱ्या पानावर जादू काय करू शकत नाही त्याची चारपाच वाक्यं लिहा. मेलेलं परत येत नाही. न पाहिलेल्या जागी जाता येत नाही. मनातलं वाचता येत नाही, फक्त आत्ताची भावना जाणवते. ही वाक्यं मंत्रांपेक्षा जास्त काम करतात, कारण ह्यांच्यामुळे जगातले वाडे, पहारे, खटले आणि खून ह्यांना अर्थ राहतो.

कुठली वाक्यं लिहायची हे ठरवताना स्वतःला विचारा की ह्या कॅम्पेनमध्ये ताण कशाचा आहे. उपासमारीचा आणि लांबच्या वाटेचा खेळ असेल, तर 'गुडबेरी' सारखा पहिल्या लेव्हलचा मंत्र तो खेळ एका फटक्यात संपवतो: दहा बोरं, प्रत्येक बोरावर एका माणसाचा दिवस निघतो. अंधाराची भीती हवी असेल, तर फुकट आणि अमर्याद उजेड देणारा मंत्र आधी बाद करा. तपासकथा असेल, तर खोटं पकडणाऱ्या मंत्रांकडे बघा. मंत्र वाईट नसतो, तुमच्या गोष्टीचं इंजिन आणि तो एकाच खोलीत राहू शकत नाहीत एवढंच. बाद करायचा नसेल तर महाग करा, किंवा त्याला 'नॉक'सारखा ठोका द्या.

यादी की व्याकरण

मंत्र तयार यादीतून निवडायचे की जागच्या जागी रचायचे, हा पुढचा निर्णय. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये साडेतीनशेहून जास्त मंत्र आहेत. दुसऱ्या टोकाला १९८७चा आर्स मॅजिका हा खेळ आहे: पाच क्रिया आणि दहा विषय, सगळे लॅटिन शब्द, त्यांची सांगड घालून मंत्र बनतो. पंधरा शब्दांतून पन्नास जोड्या. निर्माण कर, जाण, बदल, नष्ट कर, काबूत ठेव ह्यांतली एक क्रिया. आणि आग, पाणी, मन, देह अशांतला एक विषय.

व्याकरणाची पद्धत मोहक आहे आणि अनुभवी टेबलावर ती फुलते. नव्या खेळाडूला मात्र तिच्यासमोर काही सुचत नाही. "तू काहीही करू शकतोस" असं सांगितलं की माणूस आगच पेटवतो. मला मधली वाट जमली: प्रत्येक जादूगाराला बारा पक्के मंत्र, स्वस्त आणि खात्रीचे, आणि त्याच्या शब्दांतून जागच्या जागी काही रचायची मुभा, पण दीडपट किमतीत.

रचलेल्या मंत्राची मूळ किंमत ठरवायला छोटं कोष्टक करून टेबलावर ठेवा. आमचं असं आहे. सुरुवात १ पासून. स्पर्शाने होत असेल तर अधिक काही नाही, दिसतंय तिथवर असेल तर १, नजरेआडचं असेल तर ३. क्षणापुरतं असेल तर काही नाही, प्रसंगभर टिकणार असेल तर १, दिवसभर असेल तर ३. एकाच लक्ष्यासाठी काही नाही, चारपाचांसाठी १, आवारातल्या सगळ्यांसाठी २.

समजा पहारेकऱ्यांच्या नजरेसमोरून सटकायचंय आणि खेळाडू म्हणतो, अंगणात धुकं उतरवतो. मूळ १, दिसतंय तिथवर १, प्रसंगभर १, सगळ्यांवर २: झाले ५, दीडपट करून वर धरले तर ८. २७ पॉइंटवाल्याला ते जड आहे. मग तो डोकं खाजवतो आणि म्हणतो, सगळं अंगण नको, फाटकावरच्या एका पहारेकऱ्याच्या डोळ्यांवरच धुकं. १ अधिक १ अधिक १, म्हणजे ३, दीडपटीने ५. घासाघीस अशी सुरू झाली की समजा कोष्टक बरोबर बसलंय. हा सगळा संवाद अर्ध्या मिनिटात उरकला पाहिजे. त्याहून लांबला तर कोष्टकातली एक ओळ कमी करा.

आकडे

नुकसान करणाऱ्या मंत्रांना मोजपट्टी आहे. २०१४च्या गाइडनुसार पहिल्या लेव्हलचा मंत्र एका लक्ष्याला दोन दशकोनी (दहा बाजूंच्या) फाशांइतकं आणि अनेकांना दोन षट्कोनी फाशांइतकं नुकसान करतो. तिसऱ्या लेव्हलला हेच पाच दशकोनी आणि सहा षट्कोनी. आता फायरबॉल बघा: तिसरी लेव्हल, २० फूट त्रिज्या, आठ षट्कोनी फासे. सहा फाशांची सरासरी २१, आठांची २८. म्हणजे तो स्वतःच्याच मोजपट्टीपेक्षा एक तृतीयांश जास्त भरतो. प्रसिद्ध मंत्राला घसघशीत ठेवलाय, आणि दिवसाला दोनदाच फुटणार असेल तर हरकतही नाही.

पण दुसऱ्या पात्राशी तुलना केल्याशिवाय हा आकडा बोलत नाही. पाचव्या लेव्हलचा योद्धा, हातात दोन हातांनी पेलायची तलवार, पाळीला दोन वार. वाराला दोन षट्कोनी फासे आणि ताकदीचे ४, सरासरी ११. शंभरात ६५ वार लागतात असं धरलं तर पाळीला साधारण १४. फायरबॉलच्या टप्प्यात तीन शत्रू आहेत आणि प्रत्येकाचा सेव्ह निम्म्या वेळा यशस्वी होतो असं धरू: पूर्ण २८ किंवा निम्मे १४, सरासरी प्रत्येकी २१, तिघांचे ६३. योद्ध्याच्या चार पाळ्यांहून जास्त काम जादूगाराने एका पाळीत केलं. दोनदा केलं तर योद्धा टाळ्या वाजवतो. पाचदा केलं तर तो मनोरा रचतो.

खिळवणाऱ्या, झोपवणाऱ्या, भुलवणाऱ्या मंत्रांना नुकसानाची पट्टी लागत नाही. त्यांच्यासाठी चोरलेल्या पाळ्या मोजा. पकडीत सापडलेल्याला दर पाळीच्या शेवटी सुटायची निम्मी संधी असेल, तर तो सरासरी दोन पाळ्या गमावतो. एकट्या मोठ्या राक्षसाच्या दोन पाळ्या म्हणजे अर्धी लढाई. बहुतेक हौशी सुधारणा इथे फसतात: आगीचे आकडे घासूनपुसून नीट केलेले असतात आणि 'संमोहन' नावाच्या एका साध्या मंत्राने शेवटचा खलनायक उभ्याउभ्या संपतो. माझी पट्टी अशी: शत्रूची एक पाळी चोरणं हे त्या लेव्हलच्या एका लक्ष्यावरच्या नुकसानाएवढं धरायचं, आणि जे मंत्र सुटायची संधीच देत नाहीत ते थेट दोन लेव्हल वर ढकलायचे.

आता मंत्र लिहा

प्रत्येक मंत्र एका कार्डावर मावला पाहिजे. काय दिसतं, काय होतं, काय होत नाही, काय द्यावं लागतं. 'काय दिसतं' पहिलं, कारण टेबलावर पहिल्यांदा तेच वाचलं जातं.

माझ्या पहिल्या मसुद्यातला एक मंत्र असा होता: "छायारूप. जादूगार सावलीत रूपांतरित होतो व फटींमधून जाऊ शकतो. कालावधी १० मिनिटे." तीन सेशनमध्ये कुणी घेतला नाही. मग तो असा लिहिला:

"उसनी सावली. समोरच्या माणसाची सावली जमिनीवरून सोलून तुम्ही पांघरता. प्रसंग संपेपर्यंत सावली जिथून जाईल तिथून तुम्ही जाता: दाराखालून, गजांमधून, भिंतीवरून. काळोखात किंवा भर माध्यान्ही चालत नाही. काही उचलता येत नाही, बोलता येत नाही. ज्याची सावली घेतली त्याला ती गेल्याचं कळतं, आणि दिवस मावळायच्या आत परत केली नाही तर तुमची त्याला जाते. किंमत ३."

नियम जवळपास तोच आहे. पण आता खेळाडूला आधी जिची सावली घेता येईल अशी व्यक्ती समोर गाठावी लागते, वेळ बघावी लागते, परत यावं लागतं. पुढच्याच सेशनला हा मंत्र तुरुंग फोडायला वापरला गेला, आणि सावली पहारेकऱ्याचीच घेतली होती.

बारा मंत्रांवर थांबा. चाळीस लिहायचा मोह होतो. चाचणीनंतर त्यातले तीस फेकावे लागतात आणि फेकताना जीव तुटतो.

चाचणी

चालू कॅम्पेनवर प्रयोग करू नका. एका संध्याकाळचा वेगळा डाव मांडा, तयार पात्रं द्या आणि त्यात तीन प्रसंग ठेवा: एक लढाई, एक वाटाघाट, एक अडथळा. जादूगार दोन असू द्या. त्यातला एक अशा खेळाडूला द्या ज्याला नियमातल्या पळवाटा शोधण्याची खाज आहे, आणि त्याला उघड सांगा की आज मोडून दाखव. माझ्या पुनरावृत्तीच्या नियमाला त्यानेच पहिलं भोक पाडलं: फायरबॉल, मग वीज, मग पुन्हा फायरबॉल. नावं वेगळी, काम एकच. त्यावर मी 'तोच मंत्र' ऐवजी 'त्याच विषयाचा मंत्र' असा शब्द घातला आणि वीज आगीच्याच घरात टाकली.

पाळीला घड्याळ लावा. दीड मिनिटाच्या वर जायला लागली तर कार्ड नीट लिहिलेलं नाही. दोन चाचण्यांच्या मध्ये एकच आकडा बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि खेळाडूंना 'आवडलं का' विचारू नका, मित्र असल्यामुळे ते हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: "टाकावासा वाटला आणि टाकला नाहीस, असा मंत्र कुठला? का?" उत्तरात किंमत आली तर व्यवस्था चालतेय. "विसरलो" किंवा "कळला नाही" आलं तर अजून काम आहे.

चालू कॅम्पेनमध्ये आणताना

आधी सगळ्यांना सांगा, आणि तीन सेशननंतर नको वाटलं तर जुन्या नियमांवर परत जायचं हेही ठरवून टाका. जादूगाराला पात्र पुन्हा फुकटात बांधू द्या. त्याने घेतलेले मंत्र जुन्या भावाने घेतले होते, नव्या भावाची शिक्षा त्याला नको. जादू का बदलली ह्याची कथेत भव्य कारणमीमांसा दिली तर छान, नाही दिली तरी पहिल्या चकमकीनंतर कुणी विचारत नाही.

हे सगळं पुढे छापून इतरांना द्यायचा विचार असेल तर पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. योग्य श्रेय देऊन तो वापरता येतो. मात्र मूळ पुस्तकातल्या जादूगारांची नावं चिकटलेले मंत्र त्यात नाव गाळून दिलेत, तुमच्या मसुद्यात ती नावं राहिली नाहीत ना एवढं तपासा.

शेवटचं काम जीएमचं. शत्रूपक्षाच्या जादूगारांना ही व्यवस्था जशीच्या तशी लावू नका. खेळाडूचा जादूगार दिवसभर जगतो, तुमचा चार पाळ्या जगतो. त्याला २७ पॉइंट आणि पुनरावृत्तीचे हिशेब देऊन तुम्हीच पडद्यामागे बोटं मोजत बसाल. एका चिठ्ठीवर तीन मंत्र लिहा, प्रत्येकी एकदाच. आणि किंमत मात्र खेळाडूंना दिसेल अशी द्या: त्याने मंत्र टाकला की त्याचाही डावा हात लोंबायला लागला पाहिजे.